वेरूळची मापे घेणारा स्कॉट

शास्त्रज्ञ आणि संशोधक मायदेश सोडून परदेशी का जातात, हा प्रश्न महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत गेली पन्नास-साठ वर्षे चघळला जात आहे. त्याची उत्तरेही आता पाठ झाली आहेत : तिकडे पगार चांगला, प्रयोगशाळा सुसज्ज, कामात ढवळाढवळ नाही, आणि शेजारच्या खोलीत आपल्याच विषयातला मोठा माणूस बसलेला. ही उत्तरे खोटी नाहीत. मात्र विद्वानांचा हा ओघ नेहमी याच दिशेने वाहत होता, अशी जी समजूत झाली आहे, ती तपासून पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड, जर्मनी आणि इंग्लंडमधील किती तरी बुद्धिमान तरुण पोटापाण्यासाठी आणि अभ्याससामग्रीसाठी मुंबई, पुणे, कलकत्ता गाठत होते. त्यांतील एकाचे बोट धरून आजही वेरूळ पाहिले जाते, फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असले तरी. सोळा क्रमांकाचे लेणे म्हणजे कैलास, दहावे म्हणजे विश्वकर्मा, बत्तिसावे म्हणजे इंद्रसभा, ही दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी एक ते चौतीस अशी मोजदाद ज्यांच्या कामामुळे रूढ झाली, ते जेम्स बर्जेस मूळचे गणिताचे शिक्षक होते.

बर्जेस यांचा जन्म १४ ऑगस्ट १८३२ रोजी दक्षिण स्कॉटलंडमधील डम्फ्रीसशायर परगण्यातील कर्कमाहो या गावी झाला. डम्फ्रीसमधील शाळा आणि नंतर ग्लासगो व एडिंबरो येथील विद्यापीठे, असे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळच्या स्कॉटलंडची अवस्था आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. लहानसा, फारसा श्रीमंत नसलेला देश. पण विद्यापीठे जुनी आणि नामांकित. शेतकऱ्याचा, धर्मोपदेशकाचा, कारागिराचा मुलगा तेथे शिकू शकत असे, आणि शिकून बाहेर पडला की त्याला गावात जागा नसे. मग डॉक्टर, अभियंते, शिक्षक, मिशनरी अशा वेगवेगळ्या रूपांत हे तरुण जगभर पांगत. बर्जेस यांच्या आयुष्याशी पुढे ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन हेही स्कॉटच. ते बंगालमध्ये आले होते ते नीळ पिकविण्याच्या व्यवसायासाठी. देवळे आणि लेणी हा त्यांचा मूळ धंदा नव्हता.

बर्जेस १८५५ मध्ये कलकत्त्याला आले, ते डव्हटन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून चौदा वर्षे होती. हिंदुस्थानात तेव्हा एकही आधुनिक विद्यापीठ नव्हते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ ची. शाळा-कॉलेजे मात्र झपाट्याने निघत होती आणि गणित शिकविणारा माणूस दुर्मीळ होता. तेवीस वर्षांच्या पदवीधराला जी जागा स्कॉटलंडमध्ये मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली असती, ती येथे आल्याबरोबर मिळत होती. परदेशगमनामागे थोर ध्येयेच असावी लागतात असे नाही. बहुतेकांना आधी नोकरीच नेते. ध्येय मागाहून सापडते.

बर्जेस यांना ते मुंबईत सापडले. १८६१ मध्ये ते सर जमशेटजी जिजीभाई पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. त्या वेळची मुंबई अभ्यासकांनी गजबजलेली होती. डॉ. भाऊ दाजी लाड दवाखाना सांभाळून अजिंठ्याचे शिलालेख वाचत होते. त्यांनी जुनागढहून आणलेला भगवानलाल इंद्रजी हा तरुण पंडित गावोगाव फिरून लेखांचे ठसे घेत होता. हॅनोव्हर राज्यातून आलेले गेऑर्ग ब्यूलर १८६३ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवीत होते. पुण्यात डेक्कन कॉलेजात १८६६ मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न आले. या दोघा जर्मनांची गोष्ट तर आजच्या पीएच.डी. करणाऱ्यांना आपलीच वाटावी. संस्कृतचे उत्तम शिक्षण युरोपात झाले, पण ज्या पोथ्यांवर सारी विद्या उभी, त्या पोथ्या हिंदुस्थानातील घराघरांतून पडलेल्या. पॅरिस आणि लंडनच्या ग्रंथालयांत जे मिळेल त्यावर दिवस काढण्यापेक्षा थेट उगमापाशी जावे, असे ब्यूलर यांनी ठरविले.

बर्जेस यांना संस्कृतची अशी पूर्वपीठिका नव्हती. त्यांच्याकडे होता तो गणितज्ञाचा डोळा. देऊळ पाहिले की आधी त्याचे माप घ्यावे, आराखडा काढावा, छायाचित्र मिळवावे आणि मगच मत बनवावे, ही त्यांची रीत. शाळा सांभाळून सवडीनुसार त्यांनी पालिताण्याच्या शत्रुंजयावरील जैन मंदिरांवर १८६९ मध्ये आणि घारापुरीच्या लेण्यांवर १८७१ मध्ये पुस्तक काढले. १८६८ ते १८७३ या काळात ते बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचे चिटणीस होते. आणि १८७२ च्या जानेवारीत त्यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक सुरू केले.

या मासिकाचे महत्त्व नीट सांगितले पाहिजे. तोपर्यंत हिंदुस्थानातील संशोधनाचे निबंध विद्वत्संस्थांच्या नियतकालिकांतून निघत. ती सावकाश छापली जात आणि सभासदांपुरती फिरत. कोणी एखाद्या खेड्यात ताम्रपट पाहिला, तर त्याची वार्ता दुसऱ्या प्रांतातील जाणकारापर्यंत पोहोचायला वर्षे लागत. महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या या अंकांत कलेक्टर, मिशनरी, जर्मन प्राध्यापक आणि देशी पंडित शेजारी शेजारी लिहू लागले. शोध, त्यावर आक्षेप आणि आक्षेपाला उत्तर असा वाद एका वर्षात पुरा होऊ लागला. संशोधकाला परदेशी खेचून नेणाऱ्या गोष्टींत जाणत्या सोबत्यांचा सहवास ही एक मोठी गोष्ट असते. बर्जेस यांनी अशी सोबत छापील कागदावर उभी केली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ही नावे युरोपातील विद्वानांना परिचित झाली, त्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे.

या कामाच्या जोरावर सरकारने पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्वीय पाहणीची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली आणि १८७४ मध्ये त्यांच्या दौऱ्यांना प्रारंभ झाला. पहिला हंगाम बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत गेला, दुसरा काठियावाड व कच्छमध्ये. १८७५-७६ च्या हंगामात ते निजामाच्या मुलखातील बीदर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांकडे वळले.

वेरूळ तेव्हा अपरिचित होते असे मुळीच नाही. शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले यांचे हे गाव. घृष्णेश्वराचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधलेले. यात्रा अखंड चालू होती. युरोपीयही आधी येऊन गेले होते. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळवर निबंध लिहिला, आणि त्यांच्यासाठी लेण्यांची चित्रे काढणाऱ्यांत पुण्याचे गंगाराम तांबट होते. युरोपीय पद्धतीने वेरूळ कागदावर उतरविणारा हा पहिल्या काहींपैकी एक हात मराठी कारागिराचा होता, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. आधीच्या या साऱ्या वर्णनांत अचंबा भरपूर होता. शिस्त मात्र नव्हती. कोणते लेणे कोणत्या धर्माचे, यावरही एकवाक्यता नव्हती. मुंबईहून आगगाडीने नांदगाव आणि तेथून पुढे बैलगाडी किंवा टांगा, असा प्रवास होता. औरंगाबादला रेल्वे आली ती १९०० मध्ये.

डोंगराच्या पश्चिम कड्यात सुमारे दोन किलोमीटर पसरलेल्या या लेण्यांचे बर्जेस यांनी एकेक करून मोजमाप केले. कैलासाचे प्रांगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागचा कडा १०७ फूट उंच. विश्वकर्मा लेण्याचा अंतर्भाग ८५ फूट १० इंच लांब आणि ४३ फूट रुंद, आत अठ्ठावीस अष्टकोनी खांब. आज हे आकडे मार्गदर्शक पुस्तिकांत सहज सापडतात. पण वटवाघळांच्या घाणीत, गाळाने अर्ध्या भरलेल्या दालनांत, मशालीच्या उजेडात ते पहिल्यांदा काढणे हे किती कष्टाचे काम होते! अकरावे लेणे लोक दोन ताल म्हणून ओळखत, कारण त्याला दोनच मजले दिसत. १८७६ मध्ये खालची माती उपसली तेव्हा तिसरा मजला निघाला. नाव मात्र दोन तालच राहिले.

स्थानिक नावे त्यांनी टाकून दिली नाहीत. विश्वकर्म्याला सुतार की झोपडी म्हणत. दूरदूरचे सुतार तेथील बुद्धमूर्तीला आपला कुलपुरुष विश्वकर्मा समजून नमस्कार करायला येत. चौदावे रावण की खाई, एकोणतिसावे सीता की नहाणी. बौद्ध धर्म या भूमीवरून ओसरून शतके लोटली होती आणि लोकांनी ओस पडलेल्या लेण्यांना आपल्या परीने पुन्हा नांदते केले होते. बर्जेस यांच्या क्रमांकांनी ही नावे पुसली गेली नाहीत, पण मागे पडली हे खरे. विद्येच्या सोयीसाठी गावाला मोजावी लागलेली ही किंमत लहान म्हणून सोडून देता येत नाही.

१८७७ मध्ये त्यांची वेरूळवरील पुस्तिका निघाली. तिच्या नावातच एलुरा किंवा वेरूळ असा दुहेरी उल्लेख होता. १८८० मध्ये फर्ग्युसन यांच्यासह लिहिलेला ‘द केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ आला आणि १८८३ मध्ये वेरूळच्या लेण्यांवरील स्वतंत्र अहवाल. बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन अशी बारा, सतरा आणि पाच लेण्यांची विभागणी त्यांतून पक्की झाली. त्यांचा कालक्रम मात्र पुढे टिकला नाही. बौद्ध लेणी सर्वांत आधीची, हा त्यांचा समज होता. विसाव्या शतकात अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक आणि इतरांनी दाखवून दिले की रामेश्वर आणि सीता की नहाणी यांसारखी काही शैव लेणी सहाव्या शतकात, बौद्ध लेण्यांच्या आधी कोरली गेली. बर्जेस यांचे आराखडे हाताशी होते म्हणूनच ही दुरुस्ती सुकर झाली.

कैलासाच्या कर्त्याचा प्रश्न या सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो सोडविला तो एका मराठी पंडिताने. बडोद्याच्या एका ताम्रपटात राष्ट्रकूट राजा कृष्ण याने एलापूर येथे असे काही निर्माण केल्याचे वर्णन आहे की ते पाहून देवही थक्क झाले आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हे कसे घडविले याचे आश्चर्य वाटले. हे एलापूर म्हणजेच वेरूळ आणि ते निर्माण म्हणजेच कैलास, हे रा. गो. भांडारकरांनी १८८३ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त मांडले. बर्जेस यांनी दगड मोजला होता. त्या दगडाला राजाचे नाव भांडारकरांनी दिले.

येथेच या कथेची दुसरी बाजू सुरू होते. याच भांडारकरांनी १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम केले होते. ती जागा कायम करण्याची वेळ आली, तेव्हा १८७३ मध्ये ब्रिटनहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना ती मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील जागा भांडारकरांना लाभली ती कीलहॉर्न जर्मनीला परतल्यावर, १८८२ मध्ये. भगवानलाल इंद्रजींची अवस्था त्याहून अवघड. त्यांचे इंग्रजी बेताचे. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे स्नेही ते इंग्रजीत उतरवीत. पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या शिलालेखांचा जो संग्रह १८८१ मध्ये निघाला, त्यावर बर्जेस यांच्या नावाशेजारी भगवानलालांचेही नाव आहे. बर्जेस यांच्या बाजूने ही नोंद केलीच पाहिजे, कारण त्या काळी देशी सहकाऱ्याची बोळवण प्रस्तावनेतील आभाराच्या एका ओळीवर होत असे. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाने भगवानलालांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. स्वदेशात मात्र वाळकेश्वरच्या घरी अपुऱ्या पैशांत आणि ढासळत्या प्रकृतीत काम करीत ते १८८८ मध्ये वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

याउलट बर्जेस यांचे ग्रंथकर्ते मित्र फर्ग्युसन यांनी १८८४ मध्ये राजेंद्रलाल मित्र या बंगाली पुरातत्त्वज्ञावर एक आख्खे पुस्तक लिहून तुटून पडण्यात धन्यता मानली. देशी माणसाला वास्तुकलेचा निर्णय देण्याची कुवत नाही, हा त्याचा सूर होता. आदल्याच वर्षी इल्बर्ट बिलावरून हिंदुस्थानातील युरोपीयांनी रान उठविले होते, हे ध्यानात घेतले की तो सूर कोठून आला हे कळते. परदेशी विद्वान येथे येत, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची सत्ता येत असे. आपला संशोधक आज बोस्टनला किंवा म्युनिकला जातो तो व्हिसाच्या रांगेत उभा राहून. बर्जेस किंवा पीटर्सन येथे उतरले ते राज्यकर्त्या जातीचे म्हणून. दोन्ही स्थलांतरांना एकच शब्द वापरणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

येथून बाहेर गेलेल्या वस्तूंचे काय झाले, तेही याच ओघात पाहण्याजोगे आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती लंडनला पाठविल्या गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत अनेक नष्ट झाल्या. वेरूळच्या बाबतीत बर्जेस यांनी छापील आराखड्यांवर भर दिला, हे त्यामुळे फार दूरदर्शी ठरले. शंभर ठिकाणी पोहोचलेले पुस्तक एका आगीत संपत नाही.

१८८१ पासून दक्षिण हिंदुस्थानही बर्जेस यांच्या अखत्यारीत आला. अमरावतीच्या स्तूपावरील त्यांचा ग्रंथ १८८७ चा. त्याआधी, अलेक्झांडर कनिंगहॅम निवृत्त झाल्यावर, १८८६ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे महासंचालक झाले. ‘एपिग्राफिया इंडिका’ हे केवळ शिलालेखांना वाहिलेले प्रकाशन १८८८ मध्ये त्यांनीच सुरू केले. पण मुंबईतील शिक्षकाने पंचवीस वर्षांत गाठलेले हे शिखर फार काळ टिकायचे नव्हते. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने काटकसर म्हणून महासंचालकाचे पदच मोडीत काढले. ते पुन्हा भरले गेले १९०२ मध्ये, लॉर्ड कर्झन यांनी जॉन मार्शल यांना बोलाविले तेव्हा. मधल्या तेरा वर्षांत पुरातत्त्वाचे खाते जवळपास निर्नायकी होते. ज्ञानाला पैसा देताना हात आखडणे ही केवळ स्वतंत्र भारताच्या नोकरशाहीची खासियत नाही, एवढे त्यातून दिसते.

ब्यूलर १८८० मध्ये व्हिएन्नाला गेले होते, कीलहॉर्न त्यानंतर गॉटिंगेनला. चौतीस वर्षांनंतर बर्जेसही परतले आणि एडिंबरोला स्थायिक झाले. यांपैकी कोणीही येथे राहिले नाही. राहण्याचा विचार त्यांच्यापुढे होता असे त्यांच्या आयुष्यक्रमावरून दिसत नाही. हिंदुस्थान हे कामाचे ठिकाण होते, घर नव्हते. मात्र त्यांनी घडविलेल्या वाटेवर भांडारकरांची पुढची पिढी चालली. रा. गो. यांचे पुत्र देवदत्त भांडारकर पुढे याच पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख झाले.

एडिंबरोतील निवृत्तीत बर्जेस यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. ते पुन्हा गणिताकडे वळले. संभाव्यताशास्त्रात आणि उष्णतेच्या प्रसरणाच्या अभ्यासात वारंवार लागणारे एक समाकल, ज्याला त्रुटिफलन म्हणतात, त्याच्या किमतींची पंधरा दशांश स्थळांपर्यंतची विस्तृत कोष्टके त्यांनी हाताने आकडेमोड करून सिद्ध केली. गणकयंत्रांच्या आधीच्या त्या काळात अशा कोष्टकांवर शास्त्रज्ञांची कामे अडून राहत. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने ती प्रसिद्ध केली आणि त्याबद्दल त्यांना कीथ पारितोषिक दिले. वयाच्या पासष्टीनंतर, आयुष्यभर दुसऱ्याच क्षेत्रात वावरलेल्या माणसाला मिळालेला हा सन्मान होता. वेरूळच्या खांबांचे इंच मोजणारा माणूस आणि पंधराव्या दशांशाचा पाठलाग करणारा माणूस एकच, हे कळल्यावर त्या अहवालांतील चोखपणाचे नवल वाटेनासे होते. चरितार्थासाठी गणित शिकवायला समुद्र ओलांडला नसता, तर कदाचित ते स्कॉटलंडमध्ये एक चांगले गणितज्ञ झाले असते. वेरूळला मात्र आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली असती.

लेणी त्यांनी सोडली नव्हती. अहमदाबादच्या मुसलमानी वास्तूंवरील त्यांचे खंड १९०० आणि १९०५ मध्ये निघाले. फर्ग्युसन यांच्या वास्तुकलेच्या इतिहासाची सुधारित आवृत्ती त्यांनी १९१० मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, रिचर्ड फेने स्पायर्स यांच्यासह पुरी केली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते स्थापन केले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले आणि वेरूळ-अजिंठ्याची देखभाल त्यांच्याकडे आली. यझदानींच्या हाती वेरूळचे जे नकाशे पडले, ते बर्जेस यांचे होते. ३ ऑक्टोबर १९१६ रोजी एडिंबरो येथे बर्जेस यांचे निधन झाले. त्या वेळी ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.